अर्धी हजेरी

गेल्या रविवारी, कन्नड तालुक्यातल्या एका डोंगरउतारावर, शेळ्या राखणाऱ्या एका मावशींनी माझी अर्धी हजेरी लावली. बँकेतल्या ३१ वर्षांच्या नोकरीत माझी हजेरी कधी अर्धी लागलेली नाही. किंबहुना ज्या दिवशी मी खुर्चीत असूनही कामावर नसे, त्या दिवशीसुद्धा ती पूर्णच लागत आली आहे. इथे तर मी सकाळी साडेसातपासून दगड वाहिले होते, तळहातांना चार फोड आणले होते आणि या सगळ्यासाठी स्वतःच्या खिशातून २,४०० रुपये भरले होते. आज बुधवार आहे. कमरेची पट्टी दोनदा बदलून झाली, फोड बसले, पायमोज्यांतली कुसळे अजून निघत आहेत, आणि मावशींना त्या वेळी द्यायला हवे होते ते उत्तर मला आत्ता कुठे सुचू लागले आहे.

याचे मूळ अमेरिकेत आहे. माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. मागच्या उन्हाळ्यात तो तिथल्या 'लॉस्ट कोस्ट' नावाच्या किनाऱ्यावर आठवडाभर पायवाटा दुरुस्त करून आला. हा किनारा म्हणजे डोंगर थेट समुद्रात उतरलेला मुलूख आहे. किंग पीक नावाचे ४,०८८ फुटांचे शिखर समुद्रापासून पाच किलोमीटरच्या आत उभे आहे, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने आलेला महामार्ग बांधणाऱ्यांनी इथे पोहोचल्यावर हात टेकून रस्ता आत वळवला. मध्ये शेल्टर कोव्ह नावाचे एवढेसे गाव आहे. वाटेचे काही तुकडे भरतीच्या वेळी पाण्याखाली जातात, म्हणून भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून पाऊल टाकायचे, आणि अस्वलांच्या भीतीने शिधा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा. अशा ठिकाणी माणसे रजा घेऊन, वर पैसे भरून जातात, आडवी पडलेली झाडे कापतात, वाटेवरची माती ओढतात, दगड बसवतात, आणि याला तिकडे सुट्टी म्हणतात. भाच्याने फोटो पाठवले. त्यात तो चिखलाने माखलेला आणि अतिशय सुखी दिसत होता. हाच भाचा लहानपणी आमच्या शेतात आला की बूट खराब होतील म्हणून गाडीतून उतरत नसे.

समुद्र आमच्या नशिबात नाही. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत मिळून त्याचा एक थेंब नाही. आमच्याकडे भरती म्हणजे नोकरभरती आणि ओहोटी लागते ती जायकवाडीला. तरीही मनात काहीतरी हलले होते, आणि नेमकी त्याच आठवड्यात एका संस्थेच्या शिबिराची जाहिरात फोनवर आली. अंतूर किल्ल्याच्या बाजूची जुनी पाऊलवाट दुरुस्त करायची, शनिवार-रविवार दोन दिवस, शुल्क २,४०० रुपये, त्यात टीशर्ट, हातमोजे, जेवण, तंबूतला मुक्काम आणि प्रमाणपत्र. मी अर्ज भरला. अर्जात 'पूर्वानुभव' असा एक रकाना होता आणि तिथे मी 'नाही' असे लिहिले, ते चुकलेच. माझा जन्म जानेवारी १९७३ चा आहे. दुष्काळात परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावाजवळ रस्त्याचे काम निघाले, आईने तिथे खडी फोडली, तेव्हा मी तिच्या पोटात होतो; या हिशेबाने वाटेच्या कामाचा माझा अनुभव जन्माच्या आधीपासूनचा भरतो.

अंतूर ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की तो अजिंठ्याच्या डोंगररांगेत, गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या परिसरात, पठाराच्या एका सोंडेवर उभा आहे. किल्ल्याच्या वाटेवर निजामशाहीतला एक चौकोनी दगडी खांब आहे आणि त्याच्या अंगावर फारसीत, कोणती वाट दौलताबादला जाते आणि कोणती बऱ्हाणपूरला, हे कोरलेले आहे. चारशेहून अधिक वर्षे तो वाटसरूंना दिशा दाखवत उभा आहे आणि आता बहुतेक वाटसरूंना फारसी येत नाही. आम्हाला मिळालेला टप्पा अभयारण्याच्या हद्दीबाहेरचा होता. लोक गाडीने जवळपर्यंत जाऊ लागल्यामुळे ही पाऊलवाट मोडली होती. वर घाणेरी माजली होती आणि खाली पावसाने वाटेचा ओढा करून टाकला होता.

आमचा नेता पुण्याहून आलेला, सव्वीस वर्षांचा, अर्ध्या चड्डीतला एक उत्साही मुलगा होता. त्याच्या ज्ञानाबद्दल मला तक्रार नाही. वाट माणसाच्या पायांनी मरत नाही, पाण्याने मरते, हे त्याने पहिल्या पाच मिनिटांत सांगितले आणि ते मला पटले. पाणी एकदा वाटेवरून धावू लागले की ते वाटेलाच ओहोळ समजते, म्हणून वाटेला दरीच्या अंगाला किंचित उतार ठेवायचा आणि अंतराअंतरावर जमिनीत तिरपे दगड गाडून पाण्याला बाहेरचा रस्ता दाखवायचा. घाणेरी नुसती छाटली तर ती पावसाळ्यात दुप्पट जोमाने फुटते, म्हणून ती मुळासकट काढायची. चढाच्या जागी दगडाच्या पायऱ्या बसवायच्या, त्यात सिमेंट वापरायचे नाही, नुसती कोरडी रचाई. मला पाच पायऱ्या नेमून देण्यात आल्या. त्यातल्या तिसऱ्या पायरीसाठी मी खालच्या नाळेतून एक दगड आणला, तो आणायला मला चाळीस मिनिटे लागली, आणि तो जागेवर ठेवून मी पाणी प्यायला वळलो, तेवढ्यात वरून अकरा शेळ्या आणि एक मावशी उतरल्या. शेळ्या घाणेरीत शिरल्या. मावशींनी इकडेतिकडे पाहिले आणि त्या माझ्या दगडावर बसल्या.

"बरा हाय दगड बसायला," त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ आमच्याकडे पाहून, "काय भाऊ, कोणाचं काम निघालं?"

हा प्रश्न समजायला मराठवाड्यात जन्म घ्यावा लागतो. आमच्याकडे काम सुरू होत नाही, ते निघते. देशाला रोजगार हमीचा कायदा २००५ साली मिळाला. महाराष्ट्राने तो १९७७ मध्येच केला होता, आणि त्याच्याही आधी दुष्काळाने तो आमच्या माणसांच्या अंगात भिनवला होता. त्यामुळे साठी ओलांडलेल्या माणसाला डोंगरावर चार जण टिकास-फावडे घेऊन दिसले की त्याच्या मनात गिर्यारोहण येत नाही, मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, येतो.

"कोणाचं नाही मावशी, आमचं आम्हीच काढलंय," मी म्हणालो.

"मस्टर कोणाकडं हाय मंग?"

"मस्टर नाहीये."

"मस्टर नाही तं रोज कसा निघंन?"

"आम्हाला रोज नाही मिळत. सेवा म्हणून करतोय."

"म्हंजे फुकट?"

इथे मी 'हो' म्हणून थांबलो असतो तर त्या डोंगरावर एक पुण्यवान माणूस म्हणून माझी नोंद झाली असती आणि पुढचा सगळा प्रसंग टळला असता. पण सगळे आयुष्य बँकेत गेल्यामुळे समोरच्याच्या डोक्यात चुकीचा आकडा राहिलेला मला सहन होत नाही.

"फुकट नाही तसं. आम्हीच पैसे भरलेत. चोवीसशे."

"कोणाला?"

"संस्थेला."

"अन् संस्था काय देती?"

"जेवण, टीशर्ट, हातमोजे, प्रमाणपत्र..."

"अन् दगडं?"

"दगड इथलेच."

"इथले दगडं तं आमच्या गावचे हायेत," मावशी म्हणाल्या. "मंग पैशे आम्हाला द्याचे ना."

त्या विनोद करत नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावर एखाद्या व्यवहारातली उघड चूक सापडलेल्या लेखापरीक्षकाची शांतता होती. मी काही बोलायच्या आत त्या उठल्या, ओहोळाच्या पलीकडच्या उताराकडे तोंड केले, दोन्ही हातांचा कर्णा केला आणि ओरडल्या, "अवं जाऊबाई! हे लोकं पैशे भरू भरू दगडं उचलू राह्यले!"

पलीकडे बऱ्याच वेळाने एका पळसामागून लाल लुगड्याचा ठिपका हलला. "कामून?"

"काय म्हाईत!"

मग एक लांब शांतता पसरली. जाऊबाई विचार करत असाव्यात. पैसेही भरायचे आणि दगडही उचलायचे, असा प्रकार जगात कुठे कुठे घडतो याचा त्या मनाशी शोध घेत असाव्यात आणि शेवटी त्यांना तो सापडला असावा, कारण पलीकडून अगदी समजूतदार आवाजात प्रश्न आला, "काय केलं म्हणा त्यांनी?"

मावशी माझ्याकडे वळल्या. "जाऊबाई इचारती, तुम्ही काय केलं?"

"काही नाही केलं हो आम्ही!"

"काही नाही केलं म्हणतेत!" मावशींनी निरोप पोचवला.

"सगळे असंच म्हणतेत!" जाऊबाई म्हणाल्या आणि पळसामागे गेल्या.

या सगळ्या वेळात आमचा नेता माझ्या शेजारी हसतमुख उभा होता. त्याने हळूच मला विचारले की या मावशी 'राह्यले, राह्यले' म्हणत आहेत, तर कोण कुठे राहिले आहे. मी त्याला समजावले की इकडे 'उचलत आहेत' याला 'उचलू राह्यले' म्हणतात, आमच्या परभणीकडे 'उचलायलेत' म्हणतात, आणि त्याच्याकडे जे म्हणतात त्याला आम्ही पुस्तकातले म्हणतो. त्यावर तो 'वा, किती समृद्ध' असे म्हणाला. आपल्या बोलण्याला कुणी समृद्ध म्हटले की मला उगाच आपण संग्रहालयात उभे असल्यासारखे वाटते.

मावशी पुन्हा दगडावर बसल्या. मला तो दगड हवा होता. तो उचलण्यासाठी त्यांना उठवणे भाग होते आणि त्यांना उठवण्याइतका तो दगड माझा आहे हे सिद्ध करण्याच्या स्थितीत मी राहिलो नव्हतो. म्हणून मी समोर उकिडवा बसून घाणेरीची मुळे खणू लागलो.

"हे असं कोणी शिकवलं तुम्हाला?"

"अमेरिकेत करतात, मावशी. माझा भाचा असतो तिकडे."

"अमेरिकेचं व्हय?" त्यांचा चेहरा एकदम उजळला, जुनी ओळख निघावी तसा. "मंग बराबर. भात्तरच्या साली मिलो आली हुती, तीबी अमेरिकेचीच."

ज्यांना मिलो ठाऊक नाही त्यांनी घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसापुढे हा शब्द नुसता उच्चारून पाहावा. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी. तिची भाकरी परातीत थापता थापता चिरत असे, तव्यावर टाकता टाकता तुटत असे, आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीच्या आधाराने ती लोकांनी पोटात ढकलली. मावशी त्या वेळी चौदा वर्षांच्या होत्या. रस्त्याच्या कामावर बापाच्या जोडीला त्या खडी फोडायला बसत. हातोडीने दगड फुटायचा आणि त्याची कपची पायाला लागायची, तेव्हा पायाला गोणपाट गुंडाळायचे. हे त्यांनी दुःख म्हणून सांगितले नाही. हातमोजे पाहून सांगितले.

"तुम्ही खाल्ली का मिलो?" त्यांनी विचारले.

"मी नाही. माझ्या आईने खाल्ली. मी पोटात होतो."

"मंग तुम्हीबी खाल्ली," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे जरा आपुलकीने पाहिले.

ही आपुलकी जेमतेम दहा मिनिटे टिकली. कारण त्यानंतर त्या माझ्या दगडावरून उठल्या, मी तो तिसऱ्या पायरीच्या जागी बसवला, आणि मावशी काम तपासायला आल्या. त्यांना कुणी बोलावले नव्हते. त्या पहिल्या पायरीवर चढल्या आणि चपलेची टाच दगडाच्या एका कोपऱ्यावर ठेवून त्यांनी अंगाचा सगळा भार तिकडे दिला. मग दुसऱ्या कोपऱ्यावर. दगड गप्प राहिला. दुसरी पायरीही गप्प राहिली. तिसरीवर त्यांनी भार दिला तेव्हा खालून, अगदी बारीक, 'खट' असा आवाज आला.

"बोलू राह्यला," मावशी म्हणाल्या.

"कोण?"

"दगड. बसलेला दगड बोलत नसतो. त्याचं शेपूट मधी जायाला पाह्यजे, तुम्ही त्याला आडवा निजवला. अन् चिपा कुठंयेत?"

मला हे मान्य केले पाहिजे की त्यांचे म्हणणे खरे होते. दगडाची लांब बाजू उतारात आत घुसवायची आणि तोंड तेवढे बाहेर ठेवायचे, खालच्या फटीत चिपा ठोकायच्या, हे आमच्या नेत्यानेही आदल्या दिवशी एका रंगीत आकृतीवरून शिकवले होते. पण दगड आडवा ठेवला की पायरी रुंद आणि देखणी दिसते, आणि फोटो काढणारा मुलगा तासाभरात येणार होता. चौथी पायरी पहिल्यांदा गप्प राहिली, चारी कोपरे झाल्यावर मावशींनी तिला पुन्हा एकदा मधोमध दाबले, तरी ती गप्पच राहिली. पाचवी मात्र इतकी बोलली की तिच्यावर आणखी पाय ठेवायची गरज उरली नाही.

मग त्यांनी जमिनीवरून एक गारगोटी उचलली, वाटेच्या कडेच्या मोठ्या काळ्या खडकापाशी गेल्या आणि त्यावर रेघा ओढू लागल्या. जालन्याहून आलेली एक मुलगी सकाळपासून पहार चालवत होती, तिच्या नावाची एक लांब उभी रेघ निघाली. आमच्या घाणेरी-पथकातल्या दोघांच्या दोन रेघा निघाल्या. नेत्याची रेघ नव्हती. तो नुसता हिंडू राह्यला, म्हणजे तो मुकादम, आणि मुकादमाला हजेरी नसते, पगार असतो, असे त्यांनी सांगितले. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि एक रेघ काढली. ती इतरांच्या रेघांच्या निम्म्यावर येऊन थांबली.

"ही कुणाची?"

"तुमची. अर्धी हजेरी."

मी आधी हसलो. मग इतर हसले तेव्हा माझे हसणे थांबले. "मावशी, मी पाच पायऱ्या बसवल्या आहेत."

"तीन बसल्या. दोन बोलू राह्यल्या."

"पाचातल्या तीन म्हणजे साठ टक्के होतात. निदान पाऊण तरी लावा."

"पाऊण नसती. अर्धी, नाहीतं पुरी."

मी वयाचा मुद्दा काढला. त्या माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठ्या निघाल्या आणि पहाटेपासून चालत होत्या. मी कमरेचा मुद्दा काढला. त्यांनी त्यावर नुसते पाहिले. मी नेत्याकडे वळलो, कारण पैसे घेणाऱ्याने अशा प्रसंगी भरणाऱ्याची बाजू घ्यावी अशी माझी माफक अपेक्षा होती. तो म्हणाला, "सर, हा खूप सुंदर फीडबॅक आहे." २,४०० रुपये भरलेल्या माणसाला ही भाषा ऐकावी लागू नये. आम्ही बँकेत ग्राहकाला असे बोललो असतो तर लेखी तक्रार आली असती, आणि ती योग्यच ठरली असती.

चिडण्याची आणखी कारणे मी देऊ शकतो. मावशींनी स्वतः एकही दगड उचलला नाही. त्यांच्या शेळ्या आम्ही काढलेल्या वळणाने एकदाही उतरल्या नाहीत. प्रत्येक वेळी त्यांनी वळण तोडून सरळ उडी घेतली आणि माझ्या दुसऱ्या पायरीच्या कडेची माती खाली ढकलली. वळण तोडल्यानेच उतारावर चर पडतात आणि त्यातून पुढे पाणी वाट फोडते, हे मी मावशींना पुरेशा आदराने समजावून सांगितले. त्यांनी एका करड्या शेळीकडे बोट दाखवले आणि म्हणाल्या, "तिला सांगा." पुढे नेता पांढऱ्या रंगाने खडकावर बाण काढायला आला तेव्हा त्यांनी त्या फारसी खांबाचा विषय काढला. त्यावर काय लिहिले आहे ते गावात कुणालाच वाचता येत नाही आणि तरी आजवर कुणी चुकले नाही, एवढे बोलून त्यांनी बाणाच्या टोकावर काठी टेकवली. रंग ओला होता. काठीचे टोक पांढरे झाले, आणि त्यानंतर मावशी जिथे जिथे गेल्या तिथे तिथे वाटेवर पांढरे ठिपके उमटत गेले, जे बाणांपेक्षा अधिक उपयोगी होते.

पण हे सगळे मी विसरलो असतो. निघता निघता त्यांनी जे विचारले ते विसरता येत नाही.

"तुमच्या गावची पांदण झाली का?"

"कोणती पांदण?"

"पांदण नाही असं गाव हाय का कुठं?"

नाही. शेतांकडे जाणारी ही गाडीवाट आमच्याही गावाला आहे. गावनकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेघेने दाखवतात आणि तिची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. नुसती पायवाट एकेरी तुटक रेघेने दाखवतात आणि ती सव्वाआठ फूट असते. आमच्या शिवारातली पांदण नकाशावर दुहेरी आहे. प्रत्यक्षात ती आता एकेरीसुद्धा म्हणवत नाही. काळी माती आहे, मृगाचे चार पाऊस झाले की गुडघाभर चिखल होतो, ट्रॅक्टर जात नाही, सोयाबीनची पोती डोक्यावरून सडकेपर्यंत आणावी लागतात, आणि मागच्या पावसाळ्यात शेतवस्तीवरच्या एका म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात नेण्यासाठी चौघांनी बाजेवर घालून काढले. पांदण कुणी एका दिवसात खाल्ली नाही. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी दरवर्षी नांगराची एकेक ओळ आत सरकत, बांध कोरत कोरत ती संपवली. त्या दोन बाजूंपैकी एक बाजू आमची आहे. वडिलांनी कोरली, धाकटा भाऊ कोरतो, आणि दर संक्रांतीला माझ्या वाट्याची तूर पोत्यातून शहरात येते. म्हणजे पांदणीच्या त्या पाच-सहा फुटांत पिकलेले वरण मी वर्षानुवर्षे खाल्ले आहे आणि ते चवीला अगदी उत्तम लागले आहे.

"होईल, मावशी," मी म्हणालो. "प्रस्ताव दिलाय."

असा कोणताही प्रस्ताव दिलेला नाही.

"हांऽ," मावशी म्हणाल्या. दुष्काळापासून आजवर ऐकलेले सगळे प्रस्ताव त्या एका 'हां'मध्ये मावले. मग त्यांनी शेळ्यांना हाळी घातली आणि त्या उतरून गेल्या.

मला आता राग आहे तो याच गोष्टीचा. माणूस रजा टाकून, पैसे मोजून, घाम गाळून काहीतरी निरुपद्रवी चांगले काम करायला जातो, तर त्याला त्याच्या गावची पांदण विचारण्याचा अधिकार कुणालाही नसावा. मी अंतूरला गेलो ते तिथे माझा बांध नाही म्हणूनच. तिथल्या दगडाला सातबारा नाही, तिथल्या वाटेत चुलतभाऊ आडवा येत नाही, तिथे टिकास मारला तर तो फक्त मातीत जातो. पांदणीवर टिकास मारायचा तर आधी तलाठ्याकडे जावे लागते, मग तहसीलला, आणि टिकासाचा पहिला घाव ज्याच्या तुरीवर पडतो त्याच्या घरी आपल्याला पुढच्या महिन्यात लग्नाचे जेवायचे असते. पांदणीच्या कामाला टीशर्टही मिळत नाही. कॅलिफोर्नियातल्या भाच्याला तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर कुणी शेळीवालीने हे विचारले नसेल, हे मी पैजेवर सांगतो. तिथे फार तर अस्वल आले असेल.

दुपारी चारला प्रमाणपत्रे वाटली. माझ्या प्रमाणपत्रावर माझे नाव बरोबर होते आणि त्याखाली 'पूर्ण सहभाग' असे शब्द सोनेरी अक्षरांत छापलेले होते. मी ते हातात घेऊन काही वेळ वाटेवर उभा राहिलो. मंडळी सामान बांधायला गेली होती. काळ्या खडकावर रेघा तशाच होत्या. उन्हात त्या सकाळपेक्षाही पांढऱ्या दिसत होत्या. मावशींची गारगोटी खाली पडलेली होती. मी इकडे पाहिले, तिकडे पाहिले, वाकलो, कमरेने एक कळ दिली ती सोसली, आणि माझी रेघ बाकीच्या रेघांच्या उंचीइतकी ओढायला सुरुवात केली.

"अवं!" पलीकडच्या उतारावरून, पळसामागून, आवाज आला. "त्यो रेघ वाढू राह्यला!"

मी गारगोटी टाकली. परतीच्या गाडीत जालन्याच्या त्या मुलीने मला, तिच्या समजुतीने फार हळुवारपणे, सांगितले की काका, तुमची तिसरी पायरी मी जाताना चिपा घालून बसवली आहे. मी तिचे आभार मानले. ते मनापासून होते की नाही हे मी अजून ठरवलेले नाही.

सोमवारी रजा वाढवली. काल रात्री गावी फोन लावला. इकडच्यातिकडच्या चौकशा झाल्यावर धाकट्याला म्हणालो की पांदणीचे काहीतरी केले पाहिजे, आपल्या बाजूचे आपण सोडू, म्हणजे समोरच्यालाही बोलता येईल.

पलीकडे बराच वेळ फक्त रातकिडे ऐकू आले. "दादा," तो म्हणाला, "बरं हाय ना तुझं? डोक्यात दगड पडला का काय तिकडं?"

"अरे, खरंच म्हणतोय. मोजणी आणू."

"मोजणीची फी भरावी लागती."

"भरतो मी."

"तू भरशील रे, तुला भरायची हौसच हाय. पण तूर उभी हाय. काढल्याबिगर काही हात लावू देणार नाही मी. काढल्यावर ये. पैशे नको देऊस, तू ये. टिकास घेऊन उतर पांदणीत, लोकं बघतील तरी."

मी म्हणालो की कमरेचे जरा बघावे लागेल, डॉक्टरांनी पंधरा दिवस वाकायला मनाई केली आहे, आणि रविवारीच जमेल, आणि तेही पूर्ण दिवस जमेलच असे सांगता येत नाही.

"मंग अर्धा दिवस ये," धाकटा म्हणाला.